नऊ घोडे कमी

फोन आला तेव्हा मी लॅबमध्ये होते. हातात मोजे, समोर पेशींच्या थाळ्या, आणि फोन दाराशी लटकवलेल्या कोटाच्या खिशात. तो वाजला, थांबला, पुन्हा वाजला. मोजे काढून उठले. वहिनीचा आवाज अगदी साधा होता. "ये," एवढंच ती म्हणाली. शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीने माझा चेहरा बघितला आणि गाडीच्या किल्ल्या उचलल्या. ॲन आर्बर शहर मागे पडलं, दोन्ही बाजूंना शेतं सुरू झाली... मार्च अर्धा उलटला होता. रस्त्याकडेला बर्फाचे काळे, मिठाने कुरतडलेले ढिगारे तेवढे उरले होते, आणि झाडांवर एक पान नव्हतं. दादाच्या घरासमोर उतरले तर पायऱ्यांवर अर्ल बसला होता. शेजारचा म्हातारा अर्ल. टोपी काढून गुडघ्यावर ठेवलेली, डोक्यावरचे विरळ केस वाऱ्याने उडत होते. घरात यायची त्याला बंदी होती, वहिनीनेच घातलेली; म्हणून तो बाहेर बसला होता. मला बघून तो एका बाजूला सरकला आणि त्याने मला वाट करून दिली. त्याच्याकडे बघूनच मला कळलं की माझा दादा गेला.

दादा म्हणजे सुधाकर मेश्राम. त्याच्या ऑफिसात सॅम, आमच्या नागपूरच्या वस्तीत मेश्राम मास्तरीणबाईंचा मोठा, आणि माझा दादा. आई म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकवायची, वडील सरकारी बसच्या डेपोत मेकॅनिक होते. दादा इंजिनिअरिंगला गेला तेव्हा वस्तीत पेढे वाटले गेले आणि कॉलेजात कुजबुज झाली. ही कुजबुज आमच्या घरातल्या प्रत्येकाने कधी ना कधी ऐकलेली आहे. आकडा काहीही असो, तो फुगवलेला असणार असं समोरच्याने आधीच धरून ठेवलेलं असतं. दादा त्यावर कधी भांडला नाही. त्याने एक वेगळीच सवय लावून घेतली. तो स्वतःचा कुठलाही आकडा वर ओढून सांगत नसे. साडेएकोणसत्तर टक्के मिळाले तर साडेएकोणसत्तरच सांगायचा. आई म्हणायची, अरे, सत्तर म्हण, कोण तपासायला येतंय? तो म्हणायचा, तपासायला येतात आई, आपल्याकडे येतातच. पुढे हीच सवय त्याचा व्यवसाय झाली. मिशिगनमध्ये एका कंपनीत तो इंजिनं तपासायचं काम करत असे. एका बंद खोलीत इंजिन लोखंडी घोडीवर बसवायचं, त्याला ताकद मोजायचं यंत्र जोडायचं, जाड काचेपलीकडे बसून ते पूर्ण वेगाने पळवायचं आणि ते किती हॉर्सपॉवर देतं ते लिहून काढायचं. त्या यंत्राला ते सगळे डायनो म्हणत. दादाच्या डायनोवरून निघालेल्या आकड्यावर कोणी शंका घेत नसे. हे सुख त्याला इथे येऊन मिळालं होतं, आणि त्याची किंमत त्याला फार वाटत असे.

मी २००१ साली शिकायला आले तेव्हा तो, वंदना वहिनी आणि लहानगी मैत्रेयी अपार्टमेंटमध्ये राहत होते. पुढच्या वर्षी त्यांनी गावाबाहेर घर घेतलं. दर शनिवारी दादा मला ॲन आर्बरमधल्या बस स्टॉपवरून उचलायचा आणि रविवारी संध्याकाळी भाजी-भाकरीचे डबे देऊन सोडायचा. शेजारच्या घरात अर्ल राहायचा, त्याची बायको मार्गारेट, आणि त्यांचा धाकटा मुलगा डॅनी. मोठी मुलगी लग्न होऊन ओहायोत गेलेली. आम्ही आलो त्याच हिवाळ्यात मार्गारेटला कॅन्सर निघाला आणि ती पुढच्या वसंताआधी गेली. त्यानंतर त्या घरात बापलेक दोघेच उरले. त्यांच्या गॅरेजमध्ये साठच्या दशकाच्या शेवटचा एक पिकअप ट्रक होता. इथले लोक हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने गाड्यांचे पत्रे खालून सडून जातात. या ट्रकचेही खालचे पत्रे हाताने चुरले असते. पण इंजिन, डॅनी म्हणायचा, इंजिन अजून राजा आहे. ट्रकचं मूळ जाहिरातपत्रक त्याने कुठूनसं मिळवून गॅरेजच्या भिंतीला टाचलं होतं. त्यावर ठळक छापलेलं होतं: २२० हॉर्सपॉवर.

दादाने पहिल्यांदा तो कागद बघितला तेव्हा मी तिथे होते. तो हसला आणि म्हणाला, हे कागदावरचे घोडे आहेत. डॅनी चिडलाच. मग दादाने त्याला बोटं मोजत समजावलं. त्या काळी अमेरिकेत कंपन्या इंजिन अगदी उघडं करून मोजायच्या. पंखा काढलेला, जनरेटर काढलेला, हवेची गाळणी नाही, सायलेन्सर नाही. जे जे इंजिनाची ताकद खातं ते सगळं बाजूला ठेवायचं आणि मग येईल तो आकडा छापायचा. बहात्तरच्या सुमारास पद्धत बदलली, सगळं जोडून मोजायचं ठरलं, तेव्हा त्याच त्या इंजिनांचे आकडे एकदम खाली आले. इंजिनं तीच, लोकांना मात्र वाटलं कंपन्यांनी ताकद चोरली. "रस्त्यावर तुझा ट्रक दीडशेच्या आतच देत असणार," दादा म्हणाला. डॅनी म्हणाला, पैज. तो तेव्हा अठरा-एकोणीसचा असेल, केस लाल, हात कायम ग्रीसचे. त्या दिवसापासून दर शनिवारी दोघांचा हाच वाद चालायचा. मी आणि वहिनी खिडकीतून बघायचो. वहिनी म्हणायची, यांना इथे धाकटा भाऊ सापडला.

डॅनी सैन्यात गेला तो कॉलेजच्या फीसाठी. इराकला जायच्या आधी त्याने इंजिन बाहेर काढून सुटं केलं होतं. परत आलो की नवे रिंग-पिस्टन टाकू आणि मग सॅमच्या डायनोवर चढवू, असं ठरलं होतं. २००५ च्या उन्हाळ्यात एका दुपारी सैन्याच्या गणवेशातली दोन माणसं अर्लच्या दारात उभी राहिली. वहिनी अंगणात कपडे वाळत घालत होती. तिने अर्लला दार उघडताना बघितलं आणि मग दार धरून खाली बसताना बघितलं. हातातला ओला टॉवेल तसाच घेऊन ती पळत गेली. पुढचे कित्येक आठवडे त्याच्या घरी वहिनीचा वरण-भात जायचा. तो खायचा का, माहीत नाही. डबा मात्र धुऊन परत यायचा. गॅरेजचं दार त्याने लावून घेतलं ते वर्षभर उघडलं नाही.

वर्षाने, बर्फ वितळल्यावर, तो स्वतःच दादाकडे आला. ते इंजिन जोडून देशील का, असं त्याने विचारलं. दादाने लगेच हो म्हटलं. तो अख्खा उन्हाळा आणि पानगळीपर्यंतचे सगळे शनिवार-रविवार दोघं त्या गॅरेजमध्ये होते. डॅनीने प्रत्येक भाग चिंधीत गुंडाळून डब्यात ठेवला होता. कुठल्या डब्यात काय, ते त्याचं त्यालाच ठाऊक. एकेक डबा उघडताना अर्ल थांबायचा. दादा घाई करत नसे. मी चहा घेऊन जायचे तेव्हा बहुतेक वेळा नुसता पान्याचा आवाज यायचा. इंजिन सुरू झालं त्या दिवशी अर्ल ट्रकमध्ये बसून राहिला, काचा वर करून. दादा बाहेर येऊन आमच्या पायरीवर बसला आणि हात पुसत राहिला.

मग अर्ल म्हणाला, आता मोजू या. गावाजवळ एक दुकान होतं, तिथे गाडीची मागची चाकं फिरत्या रुळांवर चढवून ताकद मोजून द्यायचे. आकडा आला १४३. दादाला तो अपेक्षितच होता. अर्लचा चेहरा मात्र पडला. घरी येताना तो एकच वाक्य बोलला, असं दादाने नंतर सांगितलं: मुलगा दोनशे वीस म्हणायचा. दादाने त्याला पुन्हा सगळं समजावलं, चाकांवर येईपर्यंत गिअरबॉक्स किती खातो, पंखा किती खातो. अर्ल ऐकत होता, पण त्याला ते ऐकायचं नव्हतं हे दिसत होतं. तेव्हा दादा म्हणाला, ठीक आहे, तेव्हा जसं मोजायचे तसंच मोजू. अगदी तसंच.

हे बोलायला सोपं होतं. त्यासाठी जोडलेलं इंजिन पुन्हा उतरवावं लागलं. दादाने ऑफिसात साहेबांची परवानगी काढली, एक जुनी घोडी शनिवारी रिकामी असायची. लायब्ररीतून जुन्या मोजणीचे नियम काढून वाचले. पंखा काढला, जनरेटर काढला, सायलेन्सरऐवजी सरळ पाईप लावले. त्या शनिवारी मीही गेले होते. काचेच्या अलीकडे दादा, मी, अर्ल आणि मदतीला आलेला दादाच्या हाताखालचा एक तंत्रज्ञ. काचेपलीकडे डॅनीचं इंजिन. अर्लने धुतलेला पांढरा शर्ट घातला होता, जणू चर्चला निघालाय. इंजिन पळायला लागलं तेव्हा काच थरथरली. आकडा चढत गेला. पहिल्या फेरीत दोनशेच्या जरा पुढे. दादाने ठिणगी पडायची वेळ किंचित मागेपुढे केली. पुन्हा पळवलं. सर्वांत चांगला आकडा आला २११.

तंत्रज्ञ दादाच्या कानाशी वाकला. या मोजणीत त्या दिवशीच्या हवेचा दाब भरावा लागतो. हवा जरा विरळ होती असं भरलं की हिशोबाचा आकडा वर सरकतो. तो म्हणाला, दाब थोडा कमी भरू, म्हाताऱ्याला दोनशे वीस मिळून जातील, कोणाचं काय जातंय? मी दादाच्या मागेच उभी होते, मला सगळं ऐकू आलं. खरं सांगायचं तर मलाही वाटलं की त्याने भरावं. दादाने मान हलवली. मग तो उठला, अर्लच्या समोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "दोनशे अकरा."

अर्लने विचारलं, "म्हणजे डॅनीचं चुकलं होतं?"

"डॅनी चुकला नाही," दादा म्हणाला. "त्याने छापलेलं वाचलं. छापणाऱ्यांनी तेव्हा वाढवून छापलं असेल. किंवा इंजिन झिजलं आहे. किंवा जोडताना मीच कुठे कमी पडलो असेन. पण आज ते दोनशे अकरा देतं, अर्ल. याहून जास्त मला सांगता येणार नाही."

अर्लने काचेपलीकडे बघितलं. इंजिन बंद झालं होतं, पाईप अजून लाल होते. तो बाहेर जाऊन गाडीत बसला.

इंजिन परत ट्रकमध्ये बसवलं तेव्हा दोघांत कामापुरतंच बोलणं झालं. त्यानंतर अर्लचं येणं बंद झालं. भिंतीवरचा तो कागद त्याने काढून टाकला. वहिनी दादावर फार चिडली. ती सहसा आवाज चढवत नसे, पण त्या दिवशी जेवताना म्हणाली, "नऊ घोड्यांसाठी तुम्ही शेजार तोडला. त्याचा पोरगा गेला हो. नऊ घोडे जास्त सांगितले असते तर कोणाचं काय बिघडलं असतं?" दादाने ताटातलं बोट थांबवलं. तो म्हणाला, त्या मुलाने मला आकडा विचारला होता, समजूत घालायला सांगितलं नव्हतं. मग जरा खालच्या आवाजात त्याने जे म्हटलं ते मला आज शब्दशः आठवतं. "आयुष्यभर लोकांनी माझ्या आकड्याकडे संशयानं पाहिलं, वंदना. त्या पोराच्या आकड्याकडे कोणी तसं पाहू नये. हा आकडा कुठेही नेला तरी उभा राहील." वहिनीला ते पटलं नाही. मलाही तेव्हा पूर्ण पटलं होतं असं नाही.

एक हिवाळा मध्ये गेला. २००७ च्या पानगळीत दादाची पाठ दुखायला लागली, पँट्स सैल झाल्या, मग एक दिवस मैत्रेयीने विचारलं की पप्पांचे डोळे पिवळे का दिसतात. तपासण्या झाल्या. स्वादुपिंडाचा कॅन्सर, पसरलेला. मी याच शास्त्रातली. रिपोर्ट वाचताना मला पुढचं सगळं दिसलं. वहिनीने हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, रजू, त्यांना वेळ-काळ काही सांगायचं नाही, ते आकड्याचे माणूस आहेत, आकडा ऐकला की त्यावरच अडकतील. डॉक्टरीणबाईही मोघमच बोलायच्या. दादा विचारायचा, त्या सरासरी सांगायच्या, आणि प्रत्येक पेशंट वेगळा असतो असं म्हणायच्या. नेटवर त्यानेही सगळं वाचलं होतंच. तो मला एकदा म्हणाला, ते सगळे दुसऱ्यांचे आकडे आहेत, मला माझा हवा आहे. पण त्याने मला तो विचारला मात्र नाही. मी त्याच्या समोर दिवसचे दिवस बसायचे, त्याला माहीत होतं की मला माहीत आहे, आणि त्याने एकदाही विचारलं नाही. वहिनीने मला शब्दात बांधलंय हे त्याने ओळखलं होतं. वहिनी आणि स्वतःच्या मध्ये त्याला मला उभं करायचं नव्हतं.

त्याला आकडा हवा होता त्यामागे भीतीपेक्षा मोठं कारण होतं. ग्रीन कार्डाची फाईल त्याच्या नोकरीवर, त्याच्या नावावर पुढे सरकत होती. वहिनी आणि मैत्रेयी त्याच्या नावामागे जोडलेल्या. वकिलाने स्पष्ट सांगितलं होतं की फाईल मंजूर व्हायच्या आधी तो गेला तर फाईलही संपली, दोघींना देश सोडावा लागेल. मैत्रेयी इथल्या शाळेत आठवीत. कळत्या वयात नागपूरला ती गेली होती ती दोनदा, पाहुणी म्हणून. त्यामुळे दादा केमोच्या दुसऱ्या दिवशीही ऑफिसला जायचा. गाडीत पिशवी ठेवायचा उलटीसाठी. ऑफिसच्या लोकांनी त्याला खुर्चीवरचं काम दिलं होतं, तरी जिना चढताना त्याला थांबावं लागायचं. आणि घरी लोक यायचे. आपलीच माणसं, मायेची. कोणी हळद आणायचं, कोणी पपईच्या पानांचा रस. सगळे एकच म्हणायचे: सुधाकर, यार, फ्रेश दिसतोयस! गेल्या खेपेपेक्षा किती बरा दिसतोयस! दादा हसून त्यांना बसायला सांगायचा. ते गेले की आरशासमोर उभा राहायचा.

त्या हिवाळ्यात बर्फ फार पडला. आमच्या घरासमोरचा रस्ता रोज सकाळी साफ असायचा. पहिल्यांदा आम्हाला वाटलं म्युनिसिपालिटीने केला. मग एका सकाळी मैत्रेयीने खिडकीतून बघितलं, अर्ल फावडं घेऊन आमचा बर्फ ओढत होता. बोलत नव्हता, बेल वाजवत नव्हता. आमचं झालं की स्वतःचा ओढायचा. जानेवारीतल्या एका रविवारी दादाने खिडकी उघडायला लावली आणि त्याला हाक मारली. अर्ल दाराशी बूट झटकून आत आला. सव्वा वर्षाने तो आमच्या घरात आला होता. दादा सोफ्यावर रजईत होता. वहिनी स्वयंपाकघरात चहा टाकायला गेली. मी तिथेच बसले होते.

इकडचं तिकडचं काही झालं नाही. दादाने सरळ विचारलं, "अर्ल, मी कसा दिसतो?"

अर्लने टोपी हातात घेतली. तो दादाकडे बघत राहिला. हात बघितले, गळा बघितला, डोळे बघितले. मला वाटलं तोही फ्रेश म्हणणार... तो म्हणाला, "वाईट दिसतोस, सॅम. मार्गारेट अशी दिसायला लागली तेव्हा मला वाटलं होतं ती उन्हाळा बघेल. तिने पानं फुटलेलीही बघितली नाहीत."

स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज थांबला.

दादा म्हणाला, "थँक यू." आणि मग, "बस. चहा घेऊन जा."

चहा आलाच नाही. वहिनी बाहेर आली ती दाराकडे बोट दाखवत. मराठीत आणि इंग्रजीत, जे तोंडात येईल ते ती बोलत होती. माझ्या घरात येऊन माझ्या नवऱ्याला मरण सांगतोस, पुन्हा या उंबऱ्यात पाऊल ठेवायचं नाही, असं ती म्हणाली. अर्लने ते सगळं उभं राहून ऐकलं, मान खाली घालून, आणि गेला. वहिनी मग दादासमोर बसून रडली. तो तिच्या केसांवरून हात फिरवत होता. तिचा राग खरा आहे, तो मला नंतर म्हणाला, तिला कोणी काही म्हणायचं नाही.

पण त्या दिवसापासून तो बदलला. त्याने वकिलाला फोन केला, फाईल कुठवर आली ते विचारलं, आणि फोन ठेवून म्हणाला, फाईल माझ्या आधी पोचत नाही. दुसऱ्या आठवड्यात त्याने ऑफिस सोडलं. केमोही थांबवली. नागपूरला आईला फोन लावला, दार बंद करून बोलला. काय बोलला ते आईनेही आजवर सांगितलेलं नाही. आईच्या ओळखीने मैत्रेयीसाठी शाळा बघायला सुरुवात केली. ज्या दिवसांत तो पिशवी घेऊन ऑफिसला गेला असता, ते दिवस त्याने घरात काढले. मैत्रेयीला समोर बसवून त्याने स्वतः सांगितलं. शब्द जुळवून ठेवले होते त्याने, मी बघत होते. त्याचं वाक्य संपायच्या आधीच ती म्हणाली, "आय नो, पप्पा. आय हॅव नोन सिन्स ख्रिसमस." मग ती त्याच्या रजईत शिरली, पूर्वी शिरायची तशी. दोघं तशीच झोपली. त्यानंतर शाळेतून आल्यावर ती त्याच्याजवळ बसून देवनागरी गिरवायची. सहावीपर्यंत रविवारच्या मराठी शाळेला जाताना रडायची ती पोरगी. जोडाक्षरं चुकली की तो पेन्सिलीने खूण करायचा. बरोबर आलं तर 'बरोबर' म्हणायचा, त्याहून जास्त नाही.

बर्फ पडतच होता आणि अर्ल तो ओढतच होता. आत यायचा नाही. दादाचा पलंग आम्ही पुढच्या खिडकीशी आणला होता. अर्ल फावडं थांबवून टोपी उचलायचा, दादा रजईतून हात वर करायचा. वहिनी ते बघायची. शेवटचे दिवस वाईट होते. ते लिहिणार नाही. वेदना जिंकली, औषधं हरली, एवढं पुरे. आदल्या दिवशी मी निघाले तेव्हा तो शुद्धीत होता. बस चुकेल तुझी, रजू, असं म्हणाला. त्या गावाला बस कधी जातच नव्हती.

पांढऱ्या कपड्यांत आम्ही त्याला निरोप दिला. भन्ते मिळाले नाहीत. आपल्यातल्याच एका वडीलधाऱ्या काकांनी त्रिसरण-पंचशील म्हटलं. पुढे एका रविवारी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. अल्फारेटा, श्रूजबरी अशा दूरच्या गावांहून त्याचे जुने मित्र आले होते. प्रत्येकाने बोलताना दादाला जरा मोठं केलं. जगातला एक नंबरचा इंजिनिअर, कोणीतरी म्हणालं. मला हसू आणि रडू एकदमच आलं. अर्ल तोच पांढरा शर्ट घालून अगदी मागे उभा होता. काकांनी त्यालाही बोलायला बोलावलं. तो पुढे आलाच नाही. जागेवरूनच म्हणाला की याने माझ्या मुलाचं इंजिन मोजलं, ते कमी भरलं, आणि याने मला तसं सांगितलं. एवढं बोलून तो बसला. बऱ्याच जणांना काही उमगलं नाही. वहिनी समोर बुद्धाच्या मूर्तीकडे बघत होती. तिने मागे वळून पाहिलं नाही.

शाळा संपली की वहिनी आणि मैत्रेयी नागपूरला जातील. घराला विकायची पाटी लागली आहे. अर्लच्या घरालाही लागली आहे. तो ओहायोला मुलीकडे निघाला आहे आणि तिथे ट्रक ठेवायला जागा नाही. या आळीत सध्या अशा पाट्या बऱ्याच आहेत. मागच्या शनिवारी मी आणि वहिनी गॅरेजमध्ये दादाची हत्यारं खोक्यांत भरत होतो. दार वर केलेलं होतं. शेजारी अर्लने ट्रक बाहेर काढला होता. एक तरुण गिऱ्हाईक बॉनेट उघडून आत वाकला होता. किती पॉवर देतो, त्याने विचारलं.

"रस्त्यावर एकशे त्रेचाळीस," अर्ल म्हणाला. "घोडीवर, इंजिन उघडं करून मोजलं तर दोनशे अकरा."

पोरगा म्हणाला, कसं शक्य आहे, मी वाचलंय, या मॉडेलला दोनशे वीस. त्यावर अर्लने हात पुढे धरला आणि बोटं मोजायला सुरुवात केली. पंखा. जनरेटर. गाळणी. सायलेन्सर. तेव्हा कसं मोजायचे, बहात्तरनंतर काय झालं... तोच क्रम, मध्ये थांबायच्या जागाही त्याच. वहिनीच्या हातातली चिकटपट्टी अर्धी ओढलेली तशीच राहिली. पोरगा ऐकत होता. मग त्याने विचारलं, हे मोजलं कोणी?

अर्लने आमच्या गॅरेजकडे बोट केलं. पोरगा वळला, आत कोणी पुरुष दिसतोय का ते त्याची नजर शोधत होती. खोक्यांमध्ये आम्ही दोघी बायकाच. वहिनी उभी राहिली आणि तिने हात वर केला.

पोराने लांबूनच मान लववली.